आबांना ताप नव्हता

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत. दहावीत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं कामही तिच्याकडेच होतं, त्यामुळे वेळ पाळलेली बरी.

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘६ जून आणि नगरचं रणगाडा संग्रहालय’ असा छापलाय. त्यावर मी बोलणार आहेच. पण मनातलं सांगायचं तर इथे बसलेल्या दोन माणसांशी माझा एक जुना हिशेब राहिलाय. एक आपले इतिहासाचे सर, आणि एक माझ्या बाकावर बसणारा मित्र. नावं घेत नाही, तुम्हाला कळतीलच. देणं माझ्याकडचं आहे, म्हणून बोलायला मी उभा राहिलोय.

तुम्हाला ठाऊक आहे, नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं नगरला आहे. यंदा ६ जूनला गुरुवार होता. सकाळपासून शहरात शिवराज्याभिषेक दिनाची धामधूम. १६७४ च्या राज्याभिषेकाला यंदा ३५० वर्षं पूर्ण झाली, त्यामुळे चौकाचौकात भगवे झेंडे, ढोल-ताशे. दहाच्या सुमाराला आपल्या या मित्राचा फोन आला. पुण्याहून निघालाय, सोबत सात वर्षांचा नातू आहे, आणि नातवाला सुट्टी संपायच्या आत रणगाडे बघायचेत. म्हटलं, ये.

नगरला इतकी वर्षं राहून मी स्वतः तिथे फार तर दोनदा गेलो असेन. गावातलं देऊळ गावकऱ्यांना शेवटी दिसतं, तसंच हे. फराहबागेजवळचं हे संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलं. पन्नासएक रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची यंत्रं तिथे बघायला मिळतात. इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत. जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ आहे, जिचं नाव काढलं की रणगाड्यातल्या माणसांना घाम फुटायचा. ब्रह्मदेशाच्या लढाईची आठवण करून देणारे जपानी हा-गो आणि ची-हा आहेत, पाकिस्तानचा पॅटन आहे आणि आपला विजयंता आहे. उन्हात लोखंड इतकं तापलं होतं की पोराने हात लावला आणि ‘आई गं’ म्हणून मागे घेतला.

तीनच्या सुमाराला आम्ही झाडाखाली बसलो. मित्राने मोबाइलवर बातम्या लावल्या. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोठा सोहळा चालू होता. ६ जून १९४४, ज्याला ते ‘डी-डे’ म्हणतात, त्याला ८० वर्षं झाली होती. त्या एका दिवसात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि त्यांच्या मित्रदेशांचे सुमारे १,५६,००० सैनिक समुद्र ओलांडून आणि विमानांतून उतरले, जवळजवळ ७,००० जहाजं आणि नावा कामाला लागल्या, आणि हिटलरच्या ताब्यातल्या पश्चिम युरोपात शिरायची वाट मोकळी झाली. त्या दिवशी लढलेले शंभरीला टेकलेले म्हातारे चाकांच्या खुर्च्यांवर बसून आले होते. छातीवर पदकं. देशोदेशीचे राष्ट्रप्रमुख वाकून त्यांचे हात हातात घेत होते.

आम्ही दोघं बघत राहिलो. नातवाला त्यात रस नव्हता. तो रणगाड्यांकडे बघत होता. मग त्याने विचारलं,

“आजोबा, यातला आपला कोणता?”

मित्राने विजयंताकडे बोट केलं. “तो बघ. मद्रासजवळ आवडीला बनलेला. तो आपला.”

“आणि हा?” पोराचं बोट चर्चिलवर होतं. चाळीस टनांचं धूड, पुढचं चिलखत सहा इंच जाड.

मित्र म्हणाला, “तो इंग्रजांचा. आपला नाही.”

आणि मी, का कोण जाणे, एकदम म्हणालो, “अरे, असल्या चर्चिलच्या सोबतीने माझे आबा लढलेत.”

मित्र माझ्याकडे बघायला लागला. बराच वेळ काही बोलला नाही.

आता थोडा इतिहास सांगतो. सर, चुकलो तर कान धरा.

६ जून १९४४ हा दिवस नॉर्मंडीतून जगाला दिसतो. तोच दिवस नगरमधून कसा दिसत होता? त्या संग्रहालयापासून काही किलोमीटरवर नगरचा किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यावर इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते त्या किल्ल्यात आणून डांबले. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंदवल्लभ पंत, कृपलानी, नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव त्यांत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजं लागत होती, त्या दिवसांत नगरच्या किल्ल्यात एक कैदी भारत म्हणजे काय ते कागदावर उतरवत होता.

या बारा जणांना हिटलरबद्दल प्रेम होतं असं अजिबात नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढायचं म्हणता, मग आमचं स्वातंत्र्य कुठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून तुरुंग मिळाला.

आणि त्याच काळात या देशातली पंचवीस लाख माणसं इंग्रजांच्या सैन्यात होती. सक्ती कुणावर नव्हती, सगळे स्वतःहून भरती झालेले. स्वतःहून म्हणायचं, पण आपल्या भागात ‘स्वतःहून’चा अर्थ काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. जिरायत जमीन, वर्षाआड दुष्काळ, घरात खाणारी आठ तोंडं. माझे आबा १९४० साली असेच बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. घरी फक्त धाकट्या भावाला सांगून गेले होते. पहिली मनीऑर्डर आली तेव्हा आजीला कळलं की नवरा जिवंत आहे आणि पगार सुरू झालाय.

आबांची पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ती आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या तारांतो बंदरात उतरली. म्हणजे युरोपात शिरायचं काम आपल्या माणसांनी नॉर्मंडीच्या आधी आठ-नऊ महिने सुरू केलं होतं. सांग्रो नदी, मग गारी नदी, कॅसिनोची लढाई. इटली म्हणजे एक नदी ओलांडली की दुसरी, आणि प्रत्येक नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावर जर्मन बसलेले. आबा म्हणायचे, “आपल्याकडं नदीला पाणी नाही म्हणून रडतेत. तिथं पाण्यानंच जीव खाल्ला.”

४ जून १९४४ ला रोम पडलं. वर्षभर रक्त सांडून मिळवलेलं रोम. आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडी झालं. वर्तमानपत्रांतून रोम पुसलं गेलं, इटली मागच्या पानावर गेली. तिथे लढणाऱ्यांना ‘डी-डे चुकवणारे’ असं चिडवलं गेलं. जे आधी गेले, त्यांनाच कामचुकार म्हटलं गेलं. ६ जूनला आबांची डिव्हिजन रोमच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातून उत्तरेकडे सरकत होती. इकडे आपल्या ईशान्येला कोहिमाच्या टेकड्यांवरून जपानी मागे हटत होते. इंफाळचा रस्ता २२ जूनला मोकळा झाला. तिथेही मराठा पलटणी होत्या.

आता या तालुक्यातल्या सगळ्यांनी छाती पुढे काढावी अशी गोष्ट. इटलीच्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैनिकांना. एक रायगडातल्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे. त्यांनी १० जुलै १९४४ ला प्राण दिला. आणि दुसरे इथून हाकेच्या अंतरावरच्या निमज गावचे नामदेव जाधव.

नामदेव जाधव आबांच्याच बटालियनचे. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. आबा त्या नदीचं वर्णन करताना नेहमी म्हणायचे, “आपल्या प्रवरेच्या पाटाएवढी. पण दोन्ही अंगाला बांध घराच्या आढ्याच्या वर.” बांधाला सुरुंग पेरलेले, आतल्या बाजूने मशीनगन. आठव्या हिंदी डिव्हिजनच्या मदतीला त्या दिवशी चर्चिल रणगाडे होते. आग ओकणारे चर्चिलही होते. पण नदीत उतरायचं ते पायदळानेच.

नामदेव कंपनीचे निरोप्या होते. पाण्यातून पलीकडच्या काठावर चढताना तीन ठिकाणांहून गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकी सगळे पडले. उभे राहिले एकटे नामदेव. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंगांतून, बांध चढून सुखरूप आणलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा पलीकडे गेले आणि पहिली मशीनगन बंद पाडली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी मोडली. आणि शेवटी गोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठा पलटणीची आरोळी दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. मराठा पलटणीची आरोळी म्हणजे ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. ६ जूनला मी ढोल-ताशांत जी ऐकली, तीच.

त्याच दिवशी त्याच नदीवर आठव्या हिंदी डिव्हिजनमधल्याच दुसऱ्या बटालियनच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघं एकाच सैन्यातले होते. दोन वर्षांनी मध्ये सीमा पडली.

आबा त्या बांधाच्या अलीकडच्या बाजूला होते. हाताच्या इशाऱ्यावर जे पलीकडे गेले, त्यांतले एक. ते नामदेवांना ‘आमचा नामदेव’ म्हणायचे. बाकी लढाईबद्दल आबा फारसं बोलत नसत. एक मात्र दर वर्षी मका वाळत घातला की सांगायचे. इटलीत एका म्हातारीच्या घरात चार दिवस मुक्काम होता. तिनेही कणसं अशीच तुळईला टांगलेली होती. तिचा मुलगा लढाईत कुठे गेला ते तिला माहीत नव्हतं. जाताना तिने आबांच्या हातावर भाजलेल्या मक्याचं काहीतरी ठेवलं. एवढीच गोष्ट. दर वर्षी तेवढीच.

इथपर्यंतचं सगळं मला शाळेत असताना अर्धंमुर्धं माहीत होतं. आता हिशेबाकडे येतो.

साल १९८४. आपली दहावी. २ ऑगस्टला नामदेव जाधव पुण्यात वारले. बातमी आपल्या भागात पोचली. आबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातला फडक्याचा पुडका काढला. त्यात पदकं होती. सहा टोकांची इटली स्टार आणि तिची फीत, लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल. आणखी दोन-तीन. चिंचेचा कोळ लावून त्यांनी ती घासली. मी पहिल्यांदाच बघत होतो.

९ ऑगस्टला क्रांतिदिन. सरांनी वर्गात ’४२ चा धडा इतका सुंदर शिकवला की अजून आठवतो. अच्युतराव पटवर्धन आपल्या नगरचे, हे मला त्या दिवशी कळलं. मग सर म्हणाले, ज्यांच्या घरात कुणी स्वातंत्र्यसैनिक होते त्यांनी उभं राहा. माझ्या बाकावरचा मित्र उभा राहिला. त्याचे आजोबा, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, ’४२ मध्ये येरवड्याला सव्वा वर्ष होते. १९७२ ला त्यांना ताम्रपट मिळाला होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग सरांनी विचारलं, “आणि कुणाच्या घरातलं लढाईला गेलेलं?”

मी उभा राहिलो. म्हणालो, आबा इटलीत होते. आणि कुणीतरी हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, “म्हणजे इंग्रजांचा नोकर.”

वर्ग हसला. मुलींच्या रांगाही हसल्या, खोटं का बोला. सरांनी डस्टर आपटून सगळ्यांना गप्प केलं. तास संपल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, “पंधरा ऑगस्टला तुझ्या आबांना घेऊन ये. पदकं लावून या म्हणावं. अण्णांच्या शेजारी खुर्ची ठेवतो.”

मी घरी निरोप दिला. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजीकडून धोतर धुऊन घेतलं, फेट्याला निळ दिली. आणि १४ तारखेच्या रात्री मी त्यांना म्हणालो, “आबा, तुम्ही उद्या नका येऊ. पोरं हसतात. म्हणतात, तुमचे आबा इंग्रजांकडून लढले.”

आबा कंदिलाची वात खाली करत होते. म्हणाले, “बरं.”

तेवढंच. रागावले नाहीत, समजावलं नाही. सकाळी उठून रानात गेले. मी झेंडावंदनाला आलो. सरांनी विचारलं, आबा कुठे? मी म्हणालो, ताप आलाय.

सर, आज चाळीस वर्षांनी सांगतो. आबांना ताप नव्हता.

त्यानंतर ती ट्रंक आबांनी माझ्यासमोर कधी उघडली नाही. १९९२ साली ते गेले. पदकं मला त्याच फडक्यात मिळाली. चिंचेचा डाग अजून आहे.

संग्रहालयात झाडाखाली बसून मी हे मित्राला सांगितलं. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरातही नाही. तो मोबाइल बंद करून मातीवर काडीने रेघा ओढत बसला. मग म्हणाला,

“ते मीच म्हणालो होतो.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “शेजारीच बसलो होतो की.”

“तुला टाळ्या मिळतील असं वाटलं मला. मला मिळाल्या तशा.”

चौदा-पंधरा वर्षांचं पोर. मला तरी त्याचा राग कुठे राहिला होता? वाक्य त्याचं होतं, पण आबांना येऊ नका म्हणणारा मी होतो.

पण पुढे त्याने जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. १५ ऑगस्टला अण्णा खुर्चीवर बसले होते आणि शेजारची खुर्ची रिकामी. घरी जाताना त्यांनी नातवाला विचारलं, “फौजी का आला नाही रे?” याने सगळं सांगून टाकलं. अण्णा वाटभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी काठी घेतली आणि बाहेर पडले.

ती संध्याकाळ मला आठवते. अण्णा आमच्या ओट्यावर आले होते. अण्णा येणं नवीन नव्हतं, दोघं पुष्कळदा वेशीत बसायचे. त्या दिवशी मात्र अण्णांच्या हातात शाळेतून मिळालेली बुंदीची पुडी होती. ती त्यांनी आबांपुढे ठेवली. दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली. पावसाचं, बाजरीचं बोलले. अंधार पडेपर्यंत बसले. मी दाराआडून बघत होतो आणि मला वाटत होतं, आपली चहाडी होणार. चहाडी झाली नाही. का आले होते ते मला चाळीस वर्षांनी, रणगाड्यांच्या मध्ये बसून कळलं.

मी त्यानंतर बराच विचार केला. एक माणूस इंग्रजांच्या तुरुंगात गेला, एक इंग्रजांच्या पलटणीत. एकाच गावचे, एकाच वर्षांत. आपण पोरांनी त्यातला एक बरोबर आणि एक चूक ठरवून टाकला. त्या दोघांना तसं ठरवायची गरज कधी पडली नव्हती. अण्णांना ठाऊक होतं की घरात दाणा नसला की माणूस कुठे जातो. आबांना ठाऊक होतं की अण्णा कशासाठी आत गेले. आणि युद्ध संपल्यावर ही पंचवीस लाखांतली माणसं परत आली, तेव्हा इंग्रजांना त्यांचा पहिल्यासारखा भरवसा राहिला नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनीच बंड केलं. म्हणजे शेवटी पलटणीतले आणि तुरुंगातले एकाच वाटेला लागले.

पण त्या नॉर्मंडीच्या सोहळ्याकडे बघताना माझ्या पोटात तुटलं ते वेगळ्या कारणाने. तिथल्या म्हाताऱ्यांच्या नातवंडांनी त्यांना हात धरून आणलं होतं. माझ्या आबांना तर खुर्ची मांडून ठेवलेली होती. फक्त मी आणायचं होतं.

इटली आपल्या माणसांना विसरली असं मात्र म्हणता येणार नाही. तिथे ५,७८२ हिंदी सैनिक मेले. फोर्ली गावी हिंदी सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने नावाच्या छोट्या गावाने यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. मानवंदना देणारं ते गाव आपल्यापासून हजारो मैलांवर. आणि आपल्या शाळेच्या भिंतीवर आपल्या तालुक्यातल्या नामदेव जाधवांचं नाव नाही. कुणाला दोष देत नाही. आपण तरी कधी लिहायला गेलो?

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यायची यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. पाण्याची टाकी हवी, संगणक हवेत, सगळं खरं आहे, माझा वाटा मी दिलाय. त्यात एक भिंतही घ्या. वऱ्हांड्यातली, घंटेजवळची. तिच्यावर आपल्या शाळेत ज्या ज्या गावांची मुलं येतात, त्या गावांतून ’४२ मध्ये तुरुंगात गेलेल्यांची आणि दोन्ही महायुद्धांत, नंतरच्या लढायांत गेलेल्यांची नावं एकाच यादीत, गावानुसार लिहू. वेगवेगळे रकाने नकोत. नावं गोळा करणं मुलांना द्या. आठवी-नववीची मुलं घरोघर जातील, म्हाताऱ्यांना विचारतील, ट्रंका उघडायला लावतील. एखाद्याच्या आजीला तरी विचारणारं कुणी मिळेल. सरांनी यादी तपासून द्यावी अशी माझी इच्छा आहे. सर मान हलवताहेत, म्हणजे झालंच.

मुख्याध्यापकांना मी आणि मित्राने मिळून एक अर्ज दिलाय. त्याच्या घरी अण्णांचा ताम्रपट आहे. माझ्या खिशात आत्ता हे फडकं आहे. ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावं. सरांनी सांगितलेली खुर्ची शेजारचीच होती, जागाही तीच राहू दे.

त्या दिवशी संग्रहालयातून निघताना किल्ल्याच्या खंदकापाशी गाडी थांबवली. नातवाला सांगितलं, या भिंतींच्या आत नेहरू कैदेत होते. त्याने विचारलं, “मग तुमचे आबा बाहेर होते तर त्यांना सोडवायला का नाही आले?”

आम्ही दोघं खूप हसलो. उत्तर काही सुचलं नाही. मग मित्र म्हणाला, “ते लांब गेले होते रे. यायला थोडा वेळ लागला.”

बाई घड्याळ दाखवताहेत, फळ्यावर नाव जायच्या आत बसतो. सर, चाळीस वर्षं उशीर झाला, पण यंदा आबांना आणलंय.